अनसूयाकाकूंनी घेतलेलं नाव

मला सरकारचं फार कौतुक नाही. आमच्या घमापुर मोहल्ल्यातल्या नळाला पाणी यायला सरकारनं किती वर्षं लावली, ते मी पाहिलंय. पण शेजारच्या अनसूयाकाकूंसमोर सरकारविरुद्ध अवाक्षर काढायची सोय नव्हती.

काकूंचे यजमान मुरलीधरराव तोफांच्या कारखान्यात होते. सरकारी कर्ज काढून त्यांनी घर बांधलं, तेव्हा घर सरकारकडे गहाण पडलं. पुढे आजारपणात त्यांनी तेच घर एका सावकाराकडेही अडकवलं आणि पासष्ट सालच्या उन्हाळ्यात ते गेले. त्यांचा मुलगा शशिकांत त्याच कारखान्यात लागला होता. लढाई सुरू झाली, पोरगा दोन-दोन पाळ्या करू लागला, आणि इकडे सावकार घर विकायला निघाला.

शहरातल्या राइट टाउन भागातले वकील गुणवंत म्हणाले, विक्री थांबवायला दावा लावू, पण घरावर पहिला बोजा सरकारचा आहे, तेव्हा सावकाराबरोबर सरकारलाही प्रतिवादी करावं लागेल. काकूंच्या लेखी प्रतिवादी म्हणजे वैरी. त्या उठूनच उभ्या राहिल्या.

"ज्याचं मीठ खाल्लं त्याचं नाव कोर्टात घेऊ? काहून? पोरगा तिकडे सरकारच्या तोफा बनवून राहिला, अन् मी सरकारवरच फिर्याद करू?"

घर गेलं तरी चालेल, म्हणाल्या. आता या हट्टाला काय म्हणावं? शशिकांतनं विनवलं, माझ्या आईनं समजावलं, पण व्यर्थ. शेवटी वकिलांनीच विचारलं, "वहिनी, लग्नात तुम्ही उखाण्यात नाव घेतलं होतं ना? ते काय फिर्याद म्हणून? कोर्टात नाव घेतल्याशिवाय सरकारला बोलताच येत नाही. तुम्ही नाव घ्या, मग बघा ते काय बोलते."

काकूंनी दाव्याच्या कागदावर सही केली.

आणि सरकार बोललं. सरकारी वकील उभे राहून म्हणाले, पहिला हक्क आमचा, हप्ते मुलाच्या पगारातून बिनचूक येतात, विक्रीला आमची हरकत आहे. सावकाराचा आवाजच बसला. तो तडजोडीला आला आणि घर राहिलं. त्या संध्याकाळी काकूंनी देवापाशी दोन निरांजनं लावली, एक देवाचं आणि एक प्रतिवादीचं. आम्ही त्यांना खूप चिडवलं.

दोन वर्षांनी शशिकांतचं लग्न झालं. नव्या सुनेनं, सुनेत्रानं, उंबऱ्यात नाव घेतलं. बायका हसल्या, मग चुळबुळल्या, कारण काकू मागे भिंतीशी उभ्या होत्या. विधवेला नाव घ्यायला कोण सांगणार? पण त्या स्वतःच पुढे आल्या.

"घमापुरच्या दाराला आंब्याचं तोरण,
भारत सरकारचं नाव घेते, घर राहिलं हे कारण."

कुणाला हसावं की नाही ते कळेना. आधी काकूच हसल्या, आणि मग डोळ्याला पदर लावून सुनेला आत घेऊन गेल्या.