आज बाहेर काय पाहिलंस

गणपती बोळवले त्याच्या दुसऱ्या दिवशी माझी पत्नी बॅग भरून मुलाकडे नाशिकला निघाली. तिला देवासच्या बसस्टँडवर सोडताना मी एवढंच बोललो, की बॅगेची चेन नीट लागलेली नाही. ती खिडकीशी बसली आणि बस सुटेपर्यंत समोर बघत राहिली. आदल्या दिवशी शेजारची चार माणसं आरतीला आली होती. तिनं पहाटेपासून खपून एकवीस मोदक केले होते आणि मी ताट उचलता उचलता सगळ्यांदेखत म्हटलं होतं, "यातल्या चारांच्या कळ्या उसवल्यात." भांडी आवरून झाल्यावर ती माझ्यासमोर येऊन बसली. "अहो, चौतीस वर्षं तुम्ही मला रोज तपासलंत. आता एकदा पास तरी करा, नाहीतर सोडून द्या." आवाजात राग असता तर मला बरं वाटलं असतं. तो नव्हता.

आमचं घर मूळचं महाराष्ट्रातलं. पणजोबा संस्थानच्या चाकरीत धारला आले आणि तिथलेच झाले. मी नोकरीसाठी देवासला आलो आणि एकतीस वर्षं एका कारखान्यात तपासणीचं काम केलं. गिअर तयार होऊन माझ्या टेबलावर यायचे. मी ते हातात फिरवायचो, भिंगातून बघायचो आणि ज्यात खोट असेल त्याच्यावर लाल रंगाचा फराटा ओढायचो. माझ्या हातून खोटा माल कधी बाहेर गेला नाही, याचा मला अभिमान होता आणि अजूनही आहे, खोटं कशाला सांगू. पण टोपी, बूट, ओळखपत्र सगळं कारखान्यात ठेवून यायचो, नजर तेवढी माझ्याबरोबर घरी यायची. मुलानं लहानपणी काढलेल्या चित्रात मला घराची तिरपी भिंत दिसायची. सूनबाई नवी नवी आली तेव्हा तिचं मराठी ऐकून मी प्रत्येक वाक्याला हिंदीचा खडा वेचून दाखवायचो. शेवटी ती माझ्याशी फक्त 'हो' आणि 'नाही' एवढंच बोलू लागली, आणि त्यात काही चूक काढता येईना. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं म्हणतात. मला तर त्या कुसळाची लांबी-रुंदीसुद्धा सांगता आली असती.

मी जन्मापासून असा नव्हतो, हे मात्र मला नक्की आठवतं. धारला तलावाच्या वर टेकडीवर कालिकेचं देऊळ आहे. आई दर मंगळवारी मला तिथं न्यायची. पायऱ्या चढून गेलो की ती मला गाभाऱ्यासमोर उभं करायची आणि म्हणायची, "ही इथं डोंगरावर राहते, इथून बाहेर पडत नाही. हिला सांग, आज बाहेर काय पाहिलंस." मला ते अगदी खरं वाटायचं. बिचारीला बाहेरचं काही दिसत नाही म्हणून मी आठवडाभर तिच्यासाठी गोष्टी गोळा करायचो. नालछ्याच्या रस्त्यावर गाडीतून सांडलेल्या मक्यावर तुटून पडलेले पोपट, मांडूची गोरखचिंच केवढी जाड आहे ते, दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, सायकल पुसताना शीळ घातली ते. सांगण्यासारखं शोधायचं म्हणून मी बघत चालायचो, आणि बघत चालायचो म्हणून मला ते सापडायचं. आई मागे उभी राहून ऐकायची. एकदा मी शाळेतल्या कुणाची तरी चहाडी केली, तर ती हळूच म्हणाली, "हे तिला कशाला? तिच्या डोळ्यात धूळ जाते." आई गेल्यावर तो मंगळवार सुटला. पुढे नोकरी, संसार, आणि मग देवीला सांगण्यासारखं माझ्यापाशी काही उरलं नाही.

पत्नी गेल्यावर घरात मी एकटा. रोज पूजा करायचो आणि पूजेत मला दिव्याची काजळी दिसायची. फोनवर ती विचारायची, "गोळी घेतलीत का?" मी म्हणायचो, "घेतली." संपलं. मग एके दिवशी मुलाचा फोन आला. तो सहसा मला करत नाही. म्हणाला, "बाबा, आई म्हणतेय, आता इथंच राहते. दिवाळीलाही येणार नाही बहुतेक." मी बरं म्हटलं. फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन उगाच उभा राहिलो. ती परत आली नाही तर माझं काय होईल, हा विचार मी पहिल्यांदाच सरळ केला. देवाचा धावा करायचा म्हटलं तर तोही जमेना. ज्याच्या पूजेतसुद्धा मी खोड काढतो, तो माझं का ऐकेल, असं वाटायचं.

नवरात्रात अष्टमीला सकाळीच टेकरी चढलो. देवासला टेकरीवर दोन देव्या आहेत, थोरली आणि धाकटी. गुडघे दुखत होते तरी रोपवेनं न जाता पायऱ्यांनी गेलो. थोरल्या मातेपुढे रांग होती. मी कठड्याला टेकून उभा होतो, तेवढ्यात कोणीतरी माझी बाही धरली. लुगडं नेसलेली एक म्हातारी होती. दोन्ही डोळ्यांवर मोतीबिंदूचा पांढरा पडदा आलेला. "भिया," ती म्हणाली, "म्हने दीखे नी. माताजी को सिंगार बतई दे."

मला वाटलं, देवीचा शृंगारच सांगायचा, सोपं काम आहे. मी मान उंचावून गाभाऱ्यात पाहिलं आणि सांगू लागलो. नथ वाकडी बसलीय, साडीचा काठ डावीकडे खाली आलाय, वरच्या माळेतला एक बल्ब गेलाय. ती शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "यो तो म्हने पूछ्यो नी, भिया. माता केसी लागी री हे, यो बता."

मी पुन्हा पाहिलं, आणि खरं सांगतो, माता कशी दिसतेय ते मला सांगता येईना. कारखान्यात खोटीसाठी माझ्याकडे पन्नास शब्द होते, चिरा, फट, ओरखडा, खाच, आणि चांगल्या मालासाठी एकच, 'ओके'. रांग पुढे सरकत होती. म्हातारी माझी बाही सोडत नव्हती. मग मी लहान मुलानं अक्षर लावत वाचावं तसा सुरू झालो. साडी हिरवी आहे, मांजी. कशी हिरवी, तिनं विचारलं. आपल्याकडे हरभऱ्याचं शेत घाटे धरायच्या आधी असतं तशी. ती हसली. शेंदूर ताजा आहे, अजून ओला चमकतोय. गळ्यात झेंडूच्या माळा इतक्या आहेत की हनुवटी त्यांवर टेकलीय. एक लाल फूल खांद्यावर येऊन अडकलंय. आणि नथ, नथ जरा वळलीय, त्यामुळे असं वाटतंय की कुणीतरी हाक मारली आणि ती आत्ताच तिकडे बघतेय. तीच नथ होती, जिला मी पहिल्यांदा वाकडी म्हटलं होतं.

"अबे थने देख्यो," म्हातारी म्हणाली. आता पाहिलंस.

तिला पाणी हवं होतं. जाता जाता मी विचारलं, मांजी, कुठून आलात? "धार से. वां डुंगरी पे रूं. म्हूं तो वां से निकलूं कोनी, यो पेली बार आई." मग माझ्या हातावर हात ठेवून म्हणाली, "घरे भी बतई दीजे." घरीही असंच सांग. मी पाणपोईवरून पेला भरून आणला, तर कठड्याशी ती नव्हती. फुलंवाली म्हणाली, एक बायकांचा घोळका आत्ताच रोपवेकडे गेला, त्यात असेल. असेल. मी ते पाणी स्वतः प्यालो आणि उतरू लागलो.

अर्ध्या पायऱ्या उतरल्यावर माझे पाय थांबले. डोंगरावर राहते, तिथून बाहेर पडत नाही. आईचं वाक्य होतं ते, शब्दाला शब्द. मी पायरीच्या कडेला बसून रडलो. येणारे-जाणारे बघत होते, बघू दिलं. धारकडे टेकड्यांवर राहणाऱ्या म्हाताऱ्या पुष्कळ असतील, हे मला कळतं. त्याची तपासणी मी केलेली नाही आणि करणारही नाही. जवळजवळ पन्नास वर्षांनी मला कोणीतरी तोच प्रश्न पुन्हा विचारला, एवढंच मी जाणतो.

घरी आलो आणि पत्नीला फोन लावला. म्हटलं, "तुळस वाकू नये म्हणून तू जुन्या साडीची पट्टी फाडून तिला बांधलीस, ती आज पाहिली. आणि मसाल्याच्या डब्यांवर तू नावं मोठ्या अक्षरांत लिहिलीस, मला चष्म्याशिवाय दिसावीत म्हणून. ती रोज बघत होतो, आज पाहिली." मग ती म्हणाली, "तुमची तब्येत बरी आहे ना?" मी हो म्हटलं. "आणि खोट काय सापडली?" म्हटलं, "असेल. शोधली नाही." तिनं फोन ठेवला.

त्यानं लगेच काही घडलं नाही. मी मात्र रोज पाच वाजता फोन करून तिला एक गोष्ट सांगू लागलो. जित्याची खोड, मधूनच एखादी तक्रार निसटायचीच. "शेजारच्यांनी भिंतीला रंग दिला, छान दिसतोय, फक्त कोपऱ्यात…" असं म्हणून मी गप्प झालो, तेव्हा ती पहिल्यांदा हसली. वसुबारसेच्या आदल्या दिवशी ती आली. स्टँडवर बॅगेच्या चेनकडे मी पाहिलंसुद्धा नाही, बॅग उचलली आणि चालू लागलो.

दिवाळी झाल्यावर आम्ही दोघं बसनं धारला गेलो. पायऱ्या चढून कालिकेसमोर उभा राहिलो आणि जुन्या सवयीनं सांगायला लागलो. मी आधी म्हणायचो, माझा स्वभावच असा. आता वाटतं, स्वभाव वेगळा कुठं असतो, रोज जे बघत राहावं तेच हळूहळू आपण होतो. कुठं बघायचं तेवढं आपल्या हातात, बाकी तिच्यावर सोडावं.

"काय पुटपुटताय?" पत्नीनं विचारलं.

"आज बाहेर काय पाहिलं ते."

ती जवळ आली आणि माझ्या शर्टाची बटणं काढून पुन्हा लावू लागली. वरचं बटण चुकलं होतं, त्यामुळे सगळीच चुकली होती. मी ओशाळलो. कधीपासून असं आहे, विचारलं.

"देवासहून निघालो तेव्हापासून."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही खिडकीतून लहान मुलासारखे बाहेर बघत होता," ती म्हणाली. "मी तेच बघत बसले."

मी देवीकडे वळून हात जोडले. मागायचं काही सुचलं नाही.