‘टू हेरन्स’ची न पिणारी मालकीण

वैजयंती गजभियेने आयुष्यात दारूचा थेंब चाखला नाही, आणि तरी गेली कित्येक वर्षं अख्खं इंग्लंड तिला टीव्हीवर पबात बसलेली बघतं आहे. ‘बार्ली स्ट्रीट’ ही मालिका तिच्या लग्नाच्याही आधीपासून चालू आहे. त्या मालिकेतल्या ‘टू हेरन्स’ पबात, खिडकीजवळच्या टेबलाशी, करड्या कार्डिगनमध्ये जी बाई दिसते ती वैजयंती. नाव नाही, संवाद नाही. पब भरलेला दिसावा म्हणून बसवलेल्या माणसांतली एक, आणि पुढ्यातल्या ग्लासात रंगवलेलं पाणी.

हॉस्पिटलच्या लॅबमधून रिटायर झाल्यावर ती घरी बसून आठवड्याभरातच वैतागली. मुलगी मृणाल म्हणाली, “आई, टीव्हीत एक्स्ट्राचं काम कर की.” गेली. दुपारभर पडदे बदलत बसण्यापेक्षा बरं.

या कामाचा नियम एकच, पण कडक. बोलायचं, आवाज काढायचा नाही. पुढे नटांचे संवाद चालू असताना मागच्यांनी नुसते ओठ हलवायचे. तिच्यासमोर बसणारा रॉन, म्हातारा पोस्टमन, फुटबॉलचे स्कोअर पुटपुटायचा. वैजयंती आपली सरळ मराठीत बोलायची. मग काय, लंडनच्या ईलिंग भागातल्या मराठी बायकांना चाळाच लागला. टीव्हीला नाक लावून तिचे ओठ वाचायचे आणि रविवारी गाठून विचारायचं.

“काय गं, मंगळवारी ‘भाकरी करपली’ म्हणालीस ना?” स्वाती विचारायची.

“तुझ्या भाकरीला आग लागो. ‘बूट चावतोय’ म्हणाले मी.”

खिडकीजवळ बसून तिने बारमागचे मालक येताना-जाताना पाहिले. गोडबोल्या क्लाइव्ह, गिऱ्हाइकापेक्षा स्वतःच जास्त पिणारा. त्याच्यानंतर मार्जरी हॉब्ज. मोठ्या कर्णफुलांची ही मालकीण प्रेक्षकांचा जीव की प्राण. दुप्पट देहाच्या माणसाकडे ती नुसतं बघायची आणि तो गुमान कोट उचलायचा. वैजयंतीला मार्जरी फार आवडे. ओतायला कोणालाही येतं, वैजयंती म्हणे, थांबवायला यावं लागतं. हे तिला भुसावळच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये कळलं होतं. तिथला गुत्तेवाला पगाराच्या दिवशी तिच्या वडिलांना “या साहेब, बसा साहेब” म्हणायचा. एरवी महिनाभर त्यांना कोणी साहेब म्हणत नसे. त्या माणसाने एकदा जरी “आता पुरे” म्हटलं असतं, तर वडील तिच्या दहावीच्या निकालापर्यंत जगले असते, असं तिला अजून वाटतं.

मार्जरीचं काम करणाऱ्या नटीने मालिका सोडली तेव्हाची गोष्ट. शेवटच्या प्रसंगात मार्जरी आणि तिची बहीण भांडत भांडत रस्त्यावर जातात. बार ओस. काउंटरशी एक एक्स्ट्रा रिकामा ग्लास घेऊन खुळ्यासारखा उभा. वैजयंतीला राहवलं नाही. ती उठली, बारमागे गेली, त्याच्या हातातला ग्लास घेतला, पालथा घातला, काउंटर पुसलं आणि त्याची टोपी त्याच्या हातात दिली. कोणी सांगितलं नव्हतं. शूटिंगवाल्यांनी ते तसंच ठेवलं आणि लोकांनी नेमकं तेच टिपलं. पुढे चाहत्यांनी आवडत्या पबमालकांसाठी मतदान घेतलं, तेव्हा कुणीतरी यादीत ‘खिडकीजवळची बाई’ घातली.

मृणालचा फोन आला, तिच्या इंग्लंडात वाढलेल्या मराठीत. “आई! तुझा नाव थर्ड आलाय! क्लाइव्ह तुझा खाली आहे!”

“तो खालीच असायचा. गल्ल्याखाली बाटली शोधत.”

आणि मग बोलावणंच आलं. काही आठवडे हंगामी मालकीण व्हायचं. नाव मिसेस व्ही, आणि चक्क संवाद.

तिने रविवारी ईलिंगच्या हॉलवर ही बातमी सांगितली. भाड्याच्या त्या हॉलमध्ये धम्मवर्ग भरतो आणि लहान मुलांना पंचशील शिकवते वैजयंती. मृणाल लग्न होऊन केंब्रिजला गेल्यापासून तो वर्ग म्हणजे तिचं घर. अध्यक्ष प्रमोद ढवळे दर रविवारी मेडनहेडहून येतो. माणूस सज्जन, पण सज्जनपणाला इस्त्री जरा जास्त.

“ताई, कोपऱ्यात बसलात, आम्ही बोललो नाही,” तो म्हणाला. “पण आता विकणार? रविवारी पाचवं शील शिकवायचं आणि मंगळवारी बियर ओतायची? मद्याचा धंदा धम्मात वर्ज्य, हे तुम्हीच मुलांना सांगता.”

“नाटकात खून करणाऱ्याला तुम्ही पोलिसांत देता का, प्रमोद?”

“मुलांना नाटक कळत नाही.”

“मुलांना कळतं. मोठ्यांचं अवघड आहे.”

बायका हसल्या. प्रमोद लाल झाला, पण हटला नाही. “एक काय ते ठरवा. पब नाहीतर वर्ग.”

परत येताना बसमध्ये तिला त्याचा राग आला, आणि तो निम्मं खरं बोलला याचा त्याहून जास्त.

तरी तिने मालिकेला होकार कळवला आणि स्क्रिप्ट आलं. पहिलाच प्रसंग असा: गॅरी नावाचं गिऱ्हाईक आधीच झिंगलेलं आहे, मिसेस व्ही त्याला आणखी एक भरून देते, तो गाडी काढतो आणि अपघात करतो. सेटवर वैजयंतीने दिग्दर्शिकेला सांगून टाकलं, “मी याला देणार नाही.”

दिग्दर्शिका हॅना तिच्या मुलीच्या वयाची. “पण तो प्यायला नाही तर अपघात कसा होणार? पुढचे सगळे भाग त्याच्यावर आहेत!”

“कोपऱ्यावर दुकान आहे ना तुमच्या मालिकेत? तिथून बाटली घेईल. पिणाऱ्याचं कुठे अडतं? फक्त माझ्या हातून नाही.”

रॉन आपल्या रंगीत पाण्यात डोकं घालून बसला. वैजयंतीला ठाऊक होतं, हे लोक दुसरी मालकीण तासाभरात उभी करतील. वर्ग गेलाच होता, आता पबही जाणार. तरी ती बारमागून हलली नाही.

शेवटी कोपऱ्यात बसलेला मालिकेचा लेखकच हसला. “दुकान. मी का नाही लिहिलं हे?”

मंगळवारी देशाने पाहिलं ते असं. गॅरी ग्लास पुढे सरकवतो. मिसेस व्ही तो उचलते, पालथा घालते आणि अस्सल भुसावळी उच्चारांत म्हणते, “यू हॅव हॅड इनफ, लव्ह. गो होम.”

रविवारी ती हॉलवर गेली ती मुलांचे तक्ते कपाटातून घेऊन परत जाण्यासाठी. आत मुलं गोल बसली होती. अक्षरा नावाच्या चिमुरडीने सरबत संपवून कागदी पेला पालथा घातला होता. मग वीरने घातला, मग सगळ्यांनीच. पालथ्या पेल्यांची रांगच लागली होती. प्रमोद दारात उभा राहून ते बघत होता.

“ताई, ग्लास पालथा घालायचं स्क्रिप्टमध्ये होतं?”

“नव्हतं.”

“हं.” त्याने उगाच घड्याळ पाहिलं. “वर्ग अकराला असतो. उशीर झालाय तुम्हाला.”

“मग दारातून बाजूला व्हा, प्रमोद,” वैजयंती म्हणाली, “म्हणजे घेते.”