तारमामांनी जपलेला कागद

आमच्या समुद्र संशोधन संस्थेच्या अभिलेख विभागात मी एकतीस वर्षं काढली. शिक्षण वाणिज्य शाखेचं, त्यामुळे समुद्राशी संबंध फाइलींपुरता. पण निवृत्त होण्याआधी त्या फाइलींतला एक माणूस नीट लिहून ठेवायचा आहे.

त्यांना सगळे तारमामा म्हणत. पूर्वी समुद्राची खोली तारेने मोजत. वजन बांधलेली तार जहाजावरच्या विंचने, म्हणजे तार गुंडाळलेल्या यांत्रिक रहाटाने, सोडायची आणि दर शंभर मीटरला किती सेकंद लागले ते कागदावर टिपायचं. वजन तळाला टेकलं की तार मंदावते. विंच चालवणाऱ्या मामांना घड्याळ लागत नसे. तारेवर बोट ठेवून ते म्हणत, "टेकलं."

एका मोहिमेत प्रवाह जोराचा होता. वजन टेकल्यावरही तो तार ओढत राहिला.

"साहेब, तार तिरकी जातेय. तळ केव्हाच लागला."

मोहिमेचे प्रमुख, म्हणजे आमचे मोठे साहेब, हसले. "मामा, तुम्ही तार सोडा. डोकं मी चालवतो."

आणखी नऊशे मीटर तार गेली. नकाशावर खोल खड्डा उमटला आणि त्याला 'साहेबांचा डोह' म्हणू लागले.

आठ वर्षांनी आवाजाच्या लाटांनी खोली मोजणारं जहाज तिथे गेलं. तळ सपाट निघाला. साहेबांनी खुलासा दिला की विंचवाल्याने आकडा चुकीचा वाचला. त्या मोजणीचा मूळ कागद फाइलीत नव्हता. मामांच्या सेवापुस्तकात 'कामात निष्काळजी' असा शेरा बसला. हुकुमावरून तो मीच लिहिला, माझ्याच अक्षरात. मामा जहाजावरून भांडारात आले, नमुन्यांच्या बाटल्या धुवायला. साहेब मात्र प्रत्येक भाषणात हशा मिळवत, "आम्हाला समुद्राने नाही, एका बोटाने बुडवलं!"

त्या कागदाची कार्बन प्रत मामांच्या घरी शिलाई मशीनच्या खणात होती. नियम असा की शेरा विंचवाल्याने लिहायचा आणि पानावर सही प्रमुखाने करायची. मामांनी लिहिलं होतं, 'तार तिरकी. तळ आधीच लागला. साहेबांना सांगितले.' खाली साहेबांची झोकदार सही. न वाचता केलेली.

मामी म्हणायच्या, "अहो, दाखवून टाका ना. परत जहाजावर घेतील."

"घाई काय आहे?"

"घाई? अकरा वर्षं झाली! इथे गंज चढतोय तुम्हाला."

"चढू दे."

मग संस्थेने जुन्या उपकरणांचं दालन उघडायचं ठरवलं. उद्घाटक मोठे साहेब. वस्तू भांडारातून यायच्या होत्या. मामांनी माझ्या टेबलावर यादी ठेवली. चौदावी वस्तू होती तो कागद. मी तो दोनदा वाचला.

"नोंद करता?" मामांनी विचारलं.

मी केली. क्रमांक टाकला, शिक्का मारला, समितीकडून यादी मंजूर करून घेतली. समितीनेही न वाचताच सही केली.

उद्घाटनाला साहेब सून-नातवंडांसह, वर्तमानपत्रवाल्यांच्या घोळक्यात आले. विंचपाशी थांबून त्यांनी बोटाचा विनोद सुरू केला. तेवढ्यात नातीने काचेवर बोटं टेकवून खालचा कागद मोठ्याने वाचला. "आजोबा, ही तुमची सही ना?"

साहेब वाकले. त्यांची नजर ओळीओळीने खाली उतरताना मामा बघत होते. नजर सहीवर थांबली.

"टेकलं," मामा माझ्या कानाशी म्हणाले.

"हे तुझ्याकडे होतं?" साहेबांचा आवाज फाटला. "मग तेव्हा का नाही दाखवलंस?"

"तेव्हा तुम्ही एकट्यानेच वाचलं असतं, साहेब."

संचालकांनी मला बाजूला ओढलं. "काढा तो कागद."

"नोंदलेली वस्तू आहे, सर. समितीच्या ठरावाशिवाय हलवता येत नाही. पुढची बैठक सहा महिन्यांनी."

दुसऱ्या दिवशी बातमी छापून आली. साहेबांनी भाषणं बंद केली. मी मामांच्या सेवापुस्तकातला शेरा रद्द करवून घेतला, त्यांच्या निवृत्तीला तीन आठवडे उरले असताना.

मामी दालन बघायला आल्या. काचेपुढे बराच वेळ उभ्या राहिल्या. "मिळालं ना हवं ते?" त्या म्हणाल्या. "आता जहाजावर घेतील?"

मामांनी रुमाल काढला आणि ते काचेवरचे नातीच्या बोटांचे डाग पुसत राहिले.