डोळे वर म्हणजे हो

आमचे मामंजी, म्हणजे माझे सासरे, शिवी द्यायचे तीसुद्धा डोळ्यांनी. डोळे वर गेले म्हणजे 'हो', एकदा मिटले म्हणजे 'नाही', आणि गच्च मिटून धरले म्हणजे समोरच्याने आपल्याला कुठली शिवी पडली ते आपल्या लायकीप्रमाणे समजून घ्यायचं. पलटणीतून हवालदार होऊन आलेला माणूस. त्यांची हाक म्हणे ओढ्यापलीकडे ऐकू जायची. मी ती कधी ऐकली नाही. साठ-बासष्टच्या सुमारास मी लोणंदजवळच्या त्या गावात सून म्हणून आले, आणि दोनच महिन्यांत त्यांच्या मेंदूत रक्त साकळलं. हात, पाय, जीभ, सगळं एका सकाळी गेलं. राहिले ते डोळे.

आम्ही त्यांना आगगाडीने मिरजेच्या इस्पितळात नेलं. तिथे बोलायला शिकवणाऱ्या एक बाई होत्या. त्यांनी मामंजींना आधी घोट गिळायला शिकवलं, मग रोज समोर बसून 'आ' म्हणायला लावलं. खूप दिवसांनी उसाशासारखा एक आवाज निघाला, त्यापुढे गाडी गेली नाही. तेव्हा बाईंनी एका पुठ्ठ्यावर ठसठशीत मुळाक्षरं काढून दिली. एकेका अक्षरावरून बोट फिरवायचं, हवं ते अक्षर आलं की रुग्णाने डोळे वर करायचे. काना-मात्रा आपण अंदाजाने लावायच्या. "जीभ परत येईल असं मी सांगत नाही," त्या म्हणाल्या, "पण माणूस आत जागा आहे. त्याला दार करून द्या. आणि बोट फिरवणाऱ्याने नजर त्यांच्या डोळ्यांवरच ठेवायची."

आम्ही माना डोलावल्या आणि घरी येऊन नेमकं उलटं केलं. घरात अक्षर येणारी मी आणि सातवीत शिकणारी नणंद शकू. शकू दिवसभर शाळेत, आली की गुरांमागे; आमचे हे पलटणीत. राहिले मी. पण सुनेने सासऱ्याच्या तोंडाकडे बघायचं म्हणजे काय? डोक्यावरचा पदर कपाळाखाली यायला हवा, नजर जमिनीवर. मला मामंजींचे पाय पाठ होते, चेहरा माहीत नव्हता. मग सासूबाईंनी, त्यांना मी आत्याबाई म्हणायची, तोडगा काढला. मी खाली मान घालून पुठ्ठ्यावर बोट फिरवायचं, त्यांनी मामंजींच्या डोळ्यांकडे बघून 'हं' म्हणायचं. अब्रूही राहिली आणि कामही झालं, असं आम्हाला वाटलं. पण जुळलेले शब्द वेडेवाकडे यायचे. हळूहळू गावात झालं की हवालदाराचं डोकं गेलं.

अशात चुलतसासरे, आबा, शकूसाठी स्थळ घेऊन आले. नवरा बिजवर, दोन मुलांचा बाप. चार भाऊबंद सोप्यात बसले. मामंजींनी डोळे मिटले. आत्याबाई म्हणाल्या, "आवं, त्यांनी न्हाई म्हटलं."

"डोळं तर जनावर बी मिटतंय, वैनी," आबा म्हणाले. "दादाला कळतंय तर पुठ्ठ्यावर सांगू द्या की."

मी बोट फिरवलं. आत्याबाईंच्या 'हं'वर दोन अक्षरं जुळली, प आणि ख.

"पंखा पायजे व्हय रं दादा?" आबा म्हणाले आणि सगळे हसले. "ठरलं तर मग. सुपारी फोडू."

माझं बोट अजून ख वर होतं. त्याच्या अगोदरचं अक्षर क, आणि प च्या अगोदरचं न. नको! आत्याबाईंच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला होता. त्यांना दिसून तोंडातून 'हं' निघेपर्यंत माझं बोट पुढे सरकलेलं असायचं. इतके महिने तो माणूस शहाण्यासारखा बोलत होता आणि आम्ही दोघी त्याला वेडा ठरवत होतो.

मी आत्याबाईंच्या कानात सांगितलं. त्या भरल्या सोप्यात मोठ्याने म्हणाल्या, "पदर सार मागं, पोरी. वर बघ. काय बोलायचं ते लोकं मला बोलतील."

मी मान वर केली. गालफडं बसलेली, मिश्या पांढऱ्या, आणि डोळे पाण्याने भरलेले. ते माझ्याकडेच बघत होते. कधीपासून बघत होते कोण जाणे. माझं बोट फिरलं. न. क. मग श, क, आणि पुन्हा श, ळ. मी मोठ्याने वाचलं, "नको. शकू शाळा." आणि विचारलं, "बरोबर, मामंजी?" डोळे वर गेले. मग ते आबांकडे वळले आणि गच्च मिटले. त्याचा अर्थ कुणी वाचून दाखवायची गरज पडली नाही. आबा सुपारी खिशात घालून उठले.

त्यानंतर दुपारची भांडी आवरली की मी त्यांच्यासमोर बसायची. ते तार केल्यासारखे मोजकं बोलायचे. एकदा नुसतं 'आई' जुळवलं. माझ्या आईची खुशाली विचारत होते. माझ्या माहेरची चौकशी त्या घरात तोवर कुणी केली नव्हती. सून सासऱ्याच्या डोळ्यांत डोळे घालून बसते, असं आळीत सुरू झालं तेव्हा मी रडले. त्यांनी जुळवलं, 'भुंकू दे.' रडता रडता मला हसू आलं.

शकू पुढे साताऱ्याला शिकून मास्तरीण झाली. ते बघायला मामंजी नव्हते. तिच्या शाळेची शेवटची वर्षं चालू असतानाच, एका थंडीत त्यांच्या छातीत कफ भरला. दोन दिवस पुठ्ठा भिंतीला टेकून होता. तिसऱ्या सकाळी श्वास थांबला, डोळे उघडेच राहिले. आमचे हे वाटेत, गाडीत होते. आबा डोळे मिटायला पुढे झाले, तर आत्याबाईंनी त्यांचा हात धरला.

"ऱ्हाऊ द्या, भाऊजी. सूनबाई, तूच मीट. तुझ्यासंगं बोलायचं त्ये."

मी पदर मागे सारून त्यांच्याकडे बघितलं. हात पुढे केला, पण लगेच मिटवेनात. डोळे वर जातात का, ते बघत मी थोडा वेळ तशीच थांबले.