रेमीचा खांदा आणि एल्डनचा नातू

एल्डन कुचेरा जेवायला बसला की जेवण गार होणार, हे आमच्या लार्किनमध्ये सगळ्यांना ठाऊक होतं. जेवणाआधी देवाचे आभार मानायची पद्धत नेब्रास्कात घरोघरी आहे, पण बाकीचे लोक दोन वाक्यांत आटपतात आणि चमचा उचलतात. एल्डन मात्र एकेकाचं नाव घेऊन आभार मानायचा. मक्याचे, पावसाचे, न पडलेल्या गारांचे, गुडघ्याच्या डॉक्टरचे, उभी हयात जिथे राबला त्या सहकारी धान्यकोठारातल्या जुन्या वजनकाट्याचे. हृदयाचं ऑपरेशन झाल्यापासून तर त्याच्या प्रार्थनेला धरबंधच राहिला नव्हता. त्याची बायको लव्हॉन डोळे मिटायच्या आधी भांड्यांवर झाकणं ठेवायची.

त्या वर्षी जानेवारीपासून या प्रार्थनेत एका नव्या गोष्टीची भर पडली. "देवा, रेमी थिबोडोच्या उजव्या खांद्याबद्दल तुझे आभार."

रेमी थिबोडो म्हणजे आमच्या विद्यापीठाच्या फुटबॉल संघाचा, क्रेन्सचा म्हणजे क्रौंचांचा, नवा क्वार्टरबॅक. वय अठरा, गाव लांब दक्षिणेला लुइझियानात. वसंतातला सराव चुकू नये म्हणून शाळेचे शेवटचे महिने सोडून तो नाताळ संपताच इकडे आला होता. तिकडे त्याच्या वर्गातली पोरं अजून निरोपाच्या नाचासाठी जोडीदार शोधत होती, आणि हा इथे कानटोपी घालून बर्फातून सरावाला चालला होता. क्रेन्सकडून त्याने अजून एकही सामना खेळला नव्हता. पण आमच्याकडे क्वार्टरबॅकचं असंच असतं. आमचा फुटबॉल हाताने फेकून खेळतात आणि चेंडू त्याच्या हातून सुटतो, त्यामुळे जिंकलो तर मिरवणूक त्याची आणि हरलो तर गाढवावरची वरातही त्याचीच. आम्ही तर वीस वर्षं नुसत्या वराती काढत आलो होतो. म्हणून हा पोरगा येताच सगळ्या गावाने त्याच्या गळ्यात माळ घालून टाकली.

ट्रॅक्टरच्या दुकानावर त्याचा दोन मजली फोटो लागला. बेकरीवाल्या बाईने कोलाचे नावाच्या गोड पावांवर खसखशीने त्याचा नऊ नंबर काढायला सुरुवात केली. एल्डनचा मित्र मर्ल याने नवजात वासराचं नाव रेमी ठेवलं, आणि ती कालवड निघाली तरी बदललं नाही.

रोज सकाळी कोठाराच्या कचेरीत कॉफीवर म्हाताऱ्यांची बैठक बसायची, तिथे दुसरा विषयच नव्हता.

"मंगळवारी साठ यार्ड फेकला म्हणे," मर्ल म्हणायचा.

"मी पासष्ट ऐकलं," एल्डन म्हणायचा.

"तू सगळंच वाढवून ऐकतोस. मासा पकडलास तरी तेच. बरं, तुझा नातू रोज आत असतो ना? तो काय म्हणतो?"

हा प्रश्न आला की एल्डनची छाती फुगायची. त्याच्या मुलीचा मुलगा कोल्बी त्याच संघात होता. होता म्हणजे काय, तीन वर्षं स्वतःच्या खर्चाने, शिष्यवृत्तीशिवाय टिकून होता. तो बचावाच्या शेवटच्या फळीत खेळायचा, अडतीस नंबरची जर्सी घालायचा आणि सामन्याच्या दिवशी बहुतेक वेळा ती जर्सी धुवायची गरजच पडायची नाही. सरावात मात्र तो रोज हजर. पुढच्या आठवड्यातला प्रतिस्पर्धी जसा खेळतो तसं खेळून दाखवायचं, आणि खऱ्या खेळाडूंनी त्याला आपटून आपटून तयारी करायची. असं काम कोणीतरी करावंच लागतं, पण त्याचा फोटो ट्रॅक्टरच्या दुकानावर लागत नाही. खरं सांगायचं तर कॉफीच्या टेबलाला कोल्बीची किंमत एवढीच होती की तो आतली खबर आणायचा. आणि एल्डनला नातवावर जीव असूनही, त्या वसंतात तोही त्याला खबरच विचारायचा.

दर गुरुवारी कोल्बी आजोळी जेवायला यायचा. सरावाच्या शेवटच्या गुरुवारी लव्हॉनने चिली, म्हणजे राजमा-खिम्याचा तिखट रस्सा, केली होती, आणि आमच्याकडे चिलीसोबत दालचिनीचा रोल हवाच. दोन दिवसांनी, शनिवारी, वसंताचा सामना होता. त्या दिवशी संघाचे निळे आणि पांढरे असे दोन भाग करून आपल्याच पोरांना आपल्याच पोरांशी खेळवतात, आणि तेवढं बघायलाही सगळं स्टेडियम भरतं. एल्डनची प्रार्थना खांद्यापर्यंत येऊन संपली. सगळ्यांनी 'आमेन' म्हटलं आणि कोल्बीने रोल तोडला.

"डेडा, कोच या वेळी पोरं कमी करणार आहेत," तो म्हणाला. चेक घराण्याची रीत म्हणून तो आजोबांना डेडा म्हणायचा. "संघात किती जण ठेवायचे याचा नवा नियम आलाय. शिष्यवृत्ती नसलेल्यांतले निम्मे जातील. शनिवारी काही करून दाखवलं तर राहीन, नाही तर संपलं."

"हं," एल्डन म्हणाला. "रेमी कुठल्या बाजूने खेळणार? निळ्या?"

"एल्डन," लव्हॉन म्हणाली, "तुझ्या नातवाचं नाव काय रे? आठवतंय का?"

"आठवतंय गं. ऐकतोय ना मी."

"ऐकतोयस कसला! पोरगा काय सांगतोय आणि तुझं काय चाललंय!"

"रेमी निळ्यांकडून," कोल्बी म्हणाला. "मी पांढऱ्यांकडून. त्याच्यासमोरच." मग तो म्हणाला, "आमच्यातल्या कोणालाच त्याचा पास मध्ये पकडायचा नाहीये. कोच बोलले नाहीत तसं, पण सगळ्यांना कळतं. लोक त्याला बघायला येणार. त्यांच्या आनंदात माती कालवणारा कोण व्हायला बघेल?"

इथे एल्डनने जे म्हटलं ते त्याने अगदी चांगल्या मनाने म्हटलं. चांगल्या मनाने केलेल्या चुका फार लांब जातात, हे त्यालाही माहीत होतं, पण त्या वेळी सुचलं नाही.

"मग तूही जरा सांभाळून घे की रे," तो म्हणाला. "पोरगा अठरा वर्षांचा, घरापासून लांब. एक शनिवार त्याचा होऊ दे."

कोल्बीने उरलेला रोल चिलीत बुडवला. त्याने चिली संपवली, ताटली विसळली, आजीच्या गालावर ओठ टेकले आणि निघून गेला. लव्हॉनने सिंकमधलं एक भांडं गरजेपेक्षा जोरात आपटलं.

"काय झालं?" एल्डनने विचारलं.

"त्याच्याकडे एकच शनिवार होता," ती म्हणाली. "तो तू रेमीला देऊन टाकलास."

एल्डनला रात्रभर झोप लागली नाही असं मी म्हणणार नाही. तो छान झोपला. माणूस तसा सरळ, पण वीस वर्षांची भूक समोर ताट आलं की कोणाला कोपर लागतंय ते बघत नाही.

शनिवारी ऊन पडलं होतं आणि वाराही नेहमीपेक्षा शहाण्यासारखा वागत होता. नदीकडून क्रौंचांचे थवे ओरडत गेले तेव्हा लोकांनी टोप्या काढून त्यांनाही सलाम ठोकला. एल्डन आणि लव्हॉन मैदानाच्या जवळच बसले होते, मर्ल त्यांच्या मागे. रेमी पिवळी जर्सी घालून उतरला. वसंतात क्वार्टरबॅकला पिवळी घालतात आणि पिवळ्याला कोणी हात लावायचा नाही, असा नियमच आहे. सप्टेंबरात सुरू होणाऱ्या खऱ्या सामन्यांसाठी जपून ठेवलेला माल फुटायला नको, एवढंच त्यातलं तत्त्व.

पोराने पहिलाच चेंडू असा फेकला की लोक ओरडायचेच विसरले. मग ओरडले. दुसऱ्या फेरीत टचडाउन, म्हणजे चेंडू थेट शेवटच्या रेषेपार, तिसऱ्या फेरीत आणखी एक. एल्डनच्या डोळ्यांत पाणी आलं. मर्ल मागून त्याच्या पाठीवर थापा मारत होता आणि एल्डन कोणाला तरी, बहुधा देवालाच, "थँक यू, थँक यू" म्हणत होता. या सगळ्यात पांढऱ्यांची शेवटची फळी काय करतेय हे बघायचं त्याला सुचलंच नाही. ती काही करतही नव्हती. दोन पावलं मागे राहून सगळे जण सभ्यपणे बघत होते.

चौथ्या फेरीत रेमी मागे सरकला, डावीकडे पाहिलं आणि लांब, उंच, सुंदर फेक केली. चेंडू हवेत असतानाच लोक उभे राहिले. आणि मग पांढऱ्या जर्सीतला एक जण कुठून तरी धावत आला, त्याने उडी मारली, चेंडू मधल्या मध्ये काढून घेतला आणि उलट्या दिशेने सुटला.

अख्ख्या स्टेडियमच्या तोंडून एकच "हाय!" निघाली. एल्डनने दोन्ही हातांनी डोकं धरलं आणि तोही ओरडला, "अरे देवा, नाही रे! कोण आहे तो गाढव?"

त्या हळहळीत एकच बाई नाचत होती. लव्हॉन बाकावर चढली होती आणि तिचा आवाज फाटला होता. "पळ! पळ रे माझ्या राजा!" मग तिने खाली वाकून नवऱ्याच्या खांद्यावर पर्स हाणली. "एल्डन! अडतीस! अडतीस कोण?"

एल्डनने पाहिलं. पाठीवरचा आकडा लांबूनही स्वच्छ दिसत होता. पोर चालायला लागल्यापासून ती धाव तो ओळखत होता, डावा खांदा किंचित खाली, मान पुढे.  तोंडातून गेलेली हाय परत घेता येत नाही, ती चाळीस हजार लोकांच्या हायेत मिसळून गेली होती. त्याने बाकाचा आधार घेतला, बायकोच्या शेजारी चढला आणि छातीवरच्या टाक्यांची पर्वा न करता ओरडायला लागला.

"ओ आजोबा, खाली बसा!" मागून कोणीतरी म्हणालं. "तुम्ही नक्की कोणाच्या बाजूने?"

"तो माझा आहे!" एल्डन ओरडला. "माझा नातू आहे तो!"

तेवढ्यात लोकांचा श्वास पुन्हा अडकला, कारण पिवळी जर्सी कोल्बीच्या मागे सुटली होती. पिवळ्याला कोणी हात लावायचा नाही हे खरं, पण पिवळ्याने कोणाला लावायचा नाही असं कुठे लिहिलेलं नव्हतं. रेमीने त्याला रेषेच्या अलीकडे पायाला धरून पाडलं. दोघं गडगडत बाहेर गेले. कोच डोक्याला हात लावून धावले. गावाच्या सगळ्या आशा ज्या खांद्यावर होत्या, तो खांदा गवतात लोळत होता. मग रेमी उठला, त्याने कोल्बीला हात देऊन उठवलं आणि हेल्मेटला हेल्मेट लावून काहीतरी बोलला. दोघं हसत होते.

सामना संपल्यावर लोकांना मैदानात सोडतात, सह्या घ्यायला. रेमीपुढची रांग पार दुसऱ्या टोकाच्या खांबापर्यंत गेली होती. कोल्बी एका बाजूला एकटाच उभा राहून बुटांतली माती काढत होता. एल्डन त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला. गुडघ्याच्या डॉक्टरापासून वजनकाट्यापर्यंत सगळ्यांचे आभार मानणाऱ्या या माणसाला एक शब्द फुटेना.

"डेडा, मी राहिलो," कोल्बीच म्हणाला. "कोचनी आत्ताच सांगितलं. ऑगस्टात ये म्हणाले."

"मी तुला गाढव म्हणालो," एल्डन म्हणाला. "सगळ्यांबरोबर मीही हाय केली. आणि गुरुवारी तुला सांभाळून घे म्हणालो. माझं चुकलं रे पोरा. फार चुकलं."

कोल्बीने मान खाली घातली. "पहिल्या तीन फेऱ्या मी सांभाळूनच घेत होतो," तो म्हणाला. "तुझं ऐकत होतो."

एल्डनला ते ऐकवेना. त्याने नातवाचा घामेजलेला हात धरून ठेवला.

तेवढ्यात रांग तशीच सोडून रेमी आला. जवळून बघितल्यावर कळलं की दाढीही नीट न आलेलं पोर आहे, गालावर गवत चिकटलेलं.

"हेच का डेडा?" त्याने कोल्बीला विचारलं, आणि मग एल्डनकडे वळला. "सर, एक सांगू? मी आल्यापासून जो भेटतो तो माझे आभारच मानतो. अजून मी काही केलंसुद्धा नाही. दुकानात दूध घ्यायला गेलो तरी पैसे घेत नाहीत. मला भीती वाटते हो. फेकायच्या आधी मी जिथे फेकणार तिथेच बघतो, हे पहिल्या आठवड्यापासून मला एकटा हा सांगतोय. मी मनावर घेतलं नाही, कारण बाकी सगळे छान छान म्हणत होते. आज याने चेंडू हिसकावून घेतला तेव्हा पटलं. सप्टेंबरात दुसऱ्या कोणी हिसकावला असता तर या लोकांनी मला घरी पोचवलं असतं."

"पोचवलं असतं," एल्डन म्हणाला. खोटं बोलणं त्याला कधी जमलं नाही. "मीही त्यात असतो."

रेमी हसला, आणि हसता हसता त्याचे डोळे भरले. "आज आमच्या शाळेचा निरोपाचा नाच आहे," तो एकदम म्हणाला. कोणी विचारलं नव्हतं.

लव्हॉन मागून येऊन पोचली होती. तिने काही न विचारता त्याच्या गालावरचं गवत काढलं. "गुरुवारी कोल्बीबरोबर जेवायला ये," ती म्हणाली. "आमच्याकडे फुटबॉल बोलायचं नाही. हा म्हातारा बोलला तर मी बघते याच्याकडे."

रेमी रांगेकडे परत गेला. एल्डनने खिशातून काळं पेन काढलं, डोक्यावरची नवी निळी टोपी काढली आणि दोन्ही कोल्बीपुढे धरलं.

"मी?" कोल्बी म्हणाला. "डेडा, मी कधी कशावर सही केली नाहीये."

"मग शीक. कर."

मर्ल रांगेतून हाका मारत होता. "एल्डन! तुझी जागा धरून ठेवलीय रे, लवकर ये! दहाच जण राहिलेत पुढे!"

"देऊन टाक कोणाला तरी," एल्डन ओरडून म्हणाला, आणि पोराला नीट लिहिता यावं म्हणून टोपी दोन्ही हातांनी ताणून धरली.