थिजलेलं खोबरेल

लवू मेस्त्री चोपन्न सालच्या शिमग्याला मुंबईहून मालवणात परत आला. परळच्या एका गॅरेजात त्याने अकरा वर्षं काढली होती. रंगाच्या फवाऱ्याने छाती धरली, तेव्हा डॉक्टरने समुद्राच्या हवेत राहायला सांगितलं. बायको जानकी गावातच होती. अवजारांची ट्रंक घेऊन तो आला आणि घराच्या पडवीत सायकली, स्टोव्ह, पंप असं मिळेल ते दुरुस्त करू लागला.

मालवणात तेव्हा मोटारी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. त्यातली एक दाजींची. दाजींची पूर्वी दोन गलबतं होती. गलबतांचा धंदा बसला तेव्हा त्यांनी ती विकली आणि जवळची जुनी विलायती गाडी भाड्याने लावली. चौतीस सालची, कापडी हुडाची. मालवणहून माणसं घेऊन कसालला सोडायची आणि तिथून येणारी माणसं परत आणायची, हा तिचा रोजचा रस्ता. चालवायला गंगाराम होता. उंच, कमी बोलणारा, गाडी पुसल्याशिवाय चहाही न घेणारा.

त्या गाडीचे ब्रेक तारांवर चालत. पायाखालचं पॅडल दाबलं की चार तारा चार चाकांकडे ओढल्या जात. प्रत्येक तार पोलादी स्प्रिंगसारख्या लांब नळीतून गेलेली. खाऱ्या हवेने नळी आतून गंजायची, ग्रीस वाळून चिकट व्हायचं आणि तार जड चालायची. मग पॅडलवर अख्खा माणूस उभा राहिला तरी एखादं चाक दाद द्यायचं नाही. लवू दर दोन महिन्यांनी तारा काढायचा, रॉकेलमध्ये धुवायचा, नवं तेल सोडायचा. चांगलं तेल आणि ग्रीस आरोंद्याच्या बाजूने पोर्तुगीजांच्या गोव्यातून यायचं. पंचावन्न साली हद्द बंद झाली आणि तेही थांबलं. या गाडीच्या नव्या केबली मुंबईत कुणाकडेच नव्हत्या.

सत्तावन्नच्या डिसेंबरात गंगाराम म्हणाला, "मेस्त्री, डावी बाजू जड लागता."

लवूने बघितलं. पुढच्या डाव्या चाकाची तार नळीतून बाहेरच निघेना. डब्यात तेल नव्हतं. दाजींना दुसऱ्या दिवशी सकाळची भाडी होती. लवू घरात गेला, जानकीची खोबरेलाची बाटली घेऊन आला आणि तार मागे-पुढे करत करत तेल नळीत सोडलं. दुपारचं ऊन होतं. तार सुळसुळ चालू लागली. डावीकडच्या दोन्ही तारांत त्याने तेच तेल सोडलं. थंडीत खोबरेल थिजतं हे त्याला माहीत नव्हतं असं नाही. जानकी दर थंडीत ती बाटली उन्हात ठेवायची. पण त्या दुपारी त्याला ते आठवलं नाही.

दोन दिवसांनी गंगाराम कसालला मुक्कामी राहिला. समुद्रापासून आत, सखल जागी, पहाटे चांगलीच थंडी पडते. उजाडताना तो रिकामी गाडी घेऊन मालवणकडे निघाला. वाटेतल्या कट्टा गावाच्या अलीकडे वळणाचा एक उतार आहे. तिथे त्याने ब्रेक दाबला तो उजवीकडेच लागला. गाडी एकदम उजव्या अंगाला ओढली गेली आणि चिऱ्यांच्या खाणीत नाकावर उतरली. गंगारामचा उजवा पाय पॅडलांच्या मागे अडकला. लोकांनी पहारीने पत्रा उचकटून त्याला काढला. घाटावरच्या मोठ्या इस्पितळात गुडघ्याखालून पाय कापावा लागला.

दाजींनी बैलांकडून गाडी ओढून आणून माडांच्या बागेत ठेवली. चौथ्या दिवशी लवूने तिच्या तारा सोडवल्या. सकाळची वेळ होती, बागेत अजून ऊन आलं नव्हतं. डाव्या नळीच्या तोंडाशी मेणासारखा पांढरा गोळा होता. त्याने तो बोटावर घेतला. बोटाच्या उबेने तो विरघळला आणि खोबरेलाचा वास आला.

तेवढ्यात दाजी मागे येऊन उभे राहिले. म्हणाले, "बघान काय करतंस? गाडयेचो दोष नाय. तेचो डोळो लागलो. पहाटेचो सुटलो, निजलो."

लवूने बोट धोतराला पुसलं. तो काही बोलला नाही.

तेवढंच त्याचं न बोलणं. पण ते चार महिने चाललं. गंगाराम निजला हे गावभर झालं. इस्पितळातून परत आलेल्या गंगारामलाही तेच ऐकायला मिळालं. त्याला स्वतःला काही आठवत नव्हतं. उतार आठवत होता आणि नंतर लोकांचे आवाज. मधलं काही नाही. त्यामुळे लोक म्हणतात तसंच झालं असेल, असं तोही म्हणू लागला. दाजी एकदा भेटायला गेले तेव्हा त्याने कुबडी टेकून, वाकून त्यांचे पाय धरले आणि माफी मागितली. ही गोष्ट लवूला पडवीत बसून कळली. सांगणारा माणूस निघून गेला तरी हातातला पाना त्याने खाली ठेवला नव्हता.

गंगारामची बायको मथुरा चिरे वाहायला जाऊ लागली. लवूची झोप गेली. छातीचं दुखणं परत आलं. जानकी ताट वाढायची आणि तसंच उचलायची. एकदा ती म्हणाली, "तुमच्या पोटात काय आसा ता माका ठावक नाय. पण ता तुमका खाता. बोलान टाका."

चैत्रात एका दुपारी मथुरा पडवीत आली. डोक्यावरची चुंबळ हातात घेऊन उभी राहिली. म्हणाली, "मेस्त्रीनू, दाजी तुमचा आयकतत. ह्येंका कसला तरी बसलेला काम देवा म्हणान सांगा. ह्ये दिसभर बावीच्या काठार बसान पाण्यात बघतत. मी चिऱ्यांवर जातंय, पण माझो जीव थंयच असता. माका भिया वाटता."

लवू उठला. अंगात सदरा घातला नव्हता, तो तसाच तिच्याबरोबर निघाला.

गंगाराम खरंच विहिरीच्या कठड्यापाशी बसला होता. कुबडी बाजूला आडवी पडली होती. लवू त्याच्यासमोर जमिनीवर बसला.

"गंगाराम, तुझो डोळो लागूक नाय होतो."

"तुका काय म्हायत? तू थंय नाय होतंस."

"गाडी मिया खोलून बघलंय. डाव्या केबलीत खोबरेल थिजलेला. ता तेल मिया घातलेला. दुसरा नाय होता म्हणान."

गंगारामने पाण्यावरची नजर काढली. "कधी बघलंस?"

"चौथ्या दिसा."

"आणि आता चैत."

"होय."

विहिरीवर कुणाचीतरी घागर पाण्यात बुडाल्याचा आवाज आला. मग गंगाराम म्हणाला, "परत सांग. डोळ्याचा सांग."

"डोळो लागूक नाय. तू ब्रेक दाबलंस. तो एकाच बाजून लागलो, म्हणान गाडी वडली."

"मथुरा, हयसर ये गो. आयक हो काय म्हणता." त्याने लवूला तिसऱ्यांदा सगळं सांगायला लावलं. मथुरा ऐकता ऐकता मटकन खाली बसली. तिने लवूला शिवीही दिली नाही. गंगारामने कुबडी जवळ ओढली. "आता जा. परत हय येव नको."

तिथून लवू दाजींकडे गेला. दाजींनी त्याला ओसरीवरून खाली उतरवलं. "माझ्या तोंडून तू तेका निजलो म्हणूक दिलंस? तेना माझे पाय धरल्यान, लवू." त्यांच्या रागात त्यांची स्वतःची लाजही होती. नंतरचे पंधरा दिवस लवूकडे कुणी सायकलसुद्धा दुरुस्तीला आणली नाही. घरी तो माडाला टेकून बसून राहायचा. कबुली दिली की छाती हलकी होईल असं त्याला वाटलं होतं. तसं काही झालं नाही. गंगारामचा पाय गेला तो गेला आणि मथुरा रोज सकाळी चिऱ्यांवर जातच होती.

एका सकाळी तो पुन्हा दाजींच्या दारात उभा राहिला. म्हणाला, "गाडी माका देवा. गंगारामाक चालवूक येयत अशी करतंय."

"एका पायान?"

"उजव्या पायाचा काम हातार घेतंय. डावो पाय क्लचाक आसा."

दाजींनी त्या दिवशी त्याला परत पाठवलं. पण गाडी भंगारात जायचीच होती. आठवड्याने त्यांनी निरोप पाठवला की घेऊन जा.

लवूच्या डोक्यात हे असं होतं: त्या गाडीच्या स्टिअरिंगच्या मध्यावर हाताने पेट्रोल वाढवायची एक छोटी मूठ मुळातच होती. तिची तार कित्येक वर्षं गंजून बसलेली, म्हणून कुणी तिला हात लावत नसे. ती चालती केली की पेट्रोलचं काम झालं. आणि दाराकडच्या बाजूला हातब्रेकचा दांडा होता, तोही त्याच चार तारा ओढायचा. तो लांब केला, त्याचे अडकणारे दाते काढले, तर हाताने ब्रेक लागेल. अडचण एकच होती. पायाने माणूस सगळं वजन घालू शकतो, हातात तेवढा जोर नसतो. तारा जराही जड चालल्या तर सगळं फुकट.

गाडीचं चेपलेलं नाक त्याने पंधरा दिवसांत ठोकून सरळ केलं; मग पावसाळाभर तो त्या तारांमागे होता. पेट्रोलची तार रॉकेलात दोन आठवडे भिजवली, तरी ओढताना तुटली. तिच्या जागी सायकलच्या ब्रेकची तार बसली. चाकांच्या दोन तारा आतून सडल्या होत्या. बंदरात मोडायला काढलेल्या लाँचचा पोलादी दोर होता, त्याचा एक पेड त्याने सोडवून घेतला. तारेचं टोक उकलून पितळेच्या बोंडात, म्हणजे टोकाच्या पोकळ टोपीत, घालायचं आणि वर कथील ओतायचं. पहिली चार बोंडं जोर लावताच निसटली. पाचवं टिकलं, पण दुसऱ्या दिवशी तेही निसटलं. त्या संध्याकाळी त्याने सगळं पडवीबाहेर चिखलात फेकून दिलं. जानकीने कंदील न लावता, अजून दिसत होतं तोवर, बोंडं एकेक करून वेचली आणि धुऊन परत त्याच्यापुढे ठेवली.

मग त्याच्या लक्षात आलं की तारेवरचं जुनं तेल नीट न काढल्यामुळे कथील धरत नाही. पुढचं बोंड त्याने माडाला बांधून स्वतः लोंबकळून बघितलं. ते टिकलं.

नळ्या त्याने आढ्याला उभ्या टांगल्या. वरच्या तोंडाला सायकलच्या ट्यूबचा तुकडा पेल्यासारखा बांधला, त्यात लाँचवरच्या ड्रायव्हरने दिलेलं इंजिनचं तेल ओतलं. खालच्या तोंडातून थेंब पडायला दोन दिवस लागले. आधी काळे थेंब आले, मग तांबूस, शेवटी स्वच्छ. नळ्या गाडीखाली बसवताना त्याने वळणं मोठी ठेवली, कारण तार अडते ती घट्ट वळणात.

डिसेंबर आल्यावर तो एकटाच गाडी घेऊन कसालला गेला आणि आठ दिवस ओळखीच्यांच्या अंगणात राहिला. रोज पहाटे, हात काकडलेले असताना, दांडा ओढायचा आणि चारही चाकं धरतात का बघायचं. धरत होती. तरी तिसऱ्या दिवशी त्याला खात्री वाटेना, म्हणून डावी तार परत काढून बघितली. नवव्या दिवशी गाडी त्याने गंगारामच्या दारात नेली.

गंगाराम बाहेर आला नाही. लवू गाडीजवळच बसून राहिला. ऊन चढलं. शेवटी मथुरा बाहेर आली, पदर खोचून मागच्या सीटवर जाऊन बसली आणि घराकडे बघत म्हणाली, "मी बसलंय. येवचा आसा तर येवा."

गंगाराम आला. आत बसायला त्याला वेळ लागला. लवूने हात पुढे केला तो त्याने धरला नाही. मूठ फिरवून बघितली, दांडा ओढला, सोडला, परत ओढला. मग लवूला म्हणाला, "तू बाजूक बस. काय झाला तर तूव आसाक होयो."

ते कट्ट्याच्या पुढे जाऊन वळले आणि त्याच उतारावर आले. गंगारामचा गळा घामाने भिजला होता. त्याने पेट्रोलची मूठ मागे फिरवली, दांडा ओढला. गाडी सरळ रेषेत हळू होत गेली आणि उताराच्या मध्यावर थांबली. गंगारामने दांडा सोडला आणि उतार संपेपर्यंत तो आणखी दोनदा ओढून बघितला.

गंगारामच्या परवान्यासाठी कचेरीत जावं लागलं. तिथल्या साहेबाने गाडी वाकून बघितली. "या माणसाच्या नावावर अपघात आहे. चूक त्याची होती असं लिहिलंय."

"चूक माझी होती, साहेब," लवू मुंबईच्या मराठीत म्हणाला. "ब्रेकच्या तारेत खोबरेल मी घातलं होतं. लिहून देतो."

त्याने लिहून दिलं आणि खाली सही केली. साहेबाने कागद दोनदा वाचला, दोन महिने ठेवून घेतला, आणि मग परवाना दिला.

गंगारामने ती गाडी सहासष्ट सालापर्यंत भाड्यावर चालवली. मथुराचं चिरे वाहणं सुटलं. लवूकडे लोक हळूहळू परत आले, सगळे नाही. त्याची छाती शेवटपर्यंत बरी झाली नाही आणि त्या दोघांची मैत्रीही झाली नाही. गंगाराम त्याच्या घरी कधी जेवला नाही. लवूनेही कधी बोलावलं नाही. पण दर अमावास्येला गाडी पडवीसमोर उभी राहायची. लवू खाली सरपटत जायचा, गंगाराम चिऱ्यांच्या बुटक्या गडग्यावर कुबडी टेकून बसायचा, आणि तास दोन तास कुणी एक शब्द बोलत नसे.

एकदा, बासष्टच्या आसपास, काम संपवून लवू हात पुसत होता. गंगारामने दांडा ओढून बघितला.

"मागची उजवी वायच जड लागता," तो म्हणाला.

लवूने फडकं खाली ठेवलं आणि पुन्हा गाडीखाली गेला.