मला यादीतून काढा

ती लिस्ट माझ्या गळ्यात पडली एका निरोप समारंभात. आमच्या कॉलेजात कॉम्प्युटर नेटवर्किंग शिकवणारे सर निवृत्त होत होते. भाषणं झाली, वेफर्सच्या बशा फिरल्या, आणि मी हात धुऊन परत येत असताना सरांनी मला जिन्यापाशी गाठून एक चिठ्ठी दिली. तिच्यावर पासवर्ड होता. देशभरातल्या नेटवर्किंगच्या संशोधकांची ई-मेलवरची चर्चा-यादी ते वर्षानुवर्षं चालवत होते. एका पत्त्यावर पत्र पाठवलं की ते यादीतल्या सगळ्यांना जातं, एवढीच त्यातली करामत. "फार काम नसतं," सर म्हणाले, आणि त्या वयात न शोभणाऱ्या चपळाईने जिना उतरून गेले. मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

पुढे मीही निवृत्त झाले आणि लोणावळ्याला राहायला आले. नोकरी सुटली, लिस्ट सुटली नाही. निरोप कमीत कमी वेळात इकडून तिकडे कसा पोचवावा, यावर आयुष्य वेचलेली ही मंडळी. त्यांनी एक अख्खा पावसाळा फक्त एका प्रश्नावर वाद घातला: उत्तर मूळ पत्राच्या वर लिहावं की खाली? वरवाले आणि खालवाले असे दोन पक्ष पडले. एकाने मधे लिहून पाहिलं, तर दोन्ही पक्ष त्याच्यावर तुटून पडले. यादीवर निरर्थक पत्रं फार येतात, अशी तक्रार करणारी पत्रं तर इतकी यायची की बाकी पत्रं त्यात सापडत नसत. मी सगळ्यांना समजुतीची उत्तरं लिहायचे. वर्गात पोरं दंगा करायची तेव्हा निदान डस्टर आपटता यायचा.

एका रविवारी पुण्याहून माझी भाची आणि तिचा नवरा आले. त्यांना लोहगड चढायचा होता. माझे गुडघे गडावर जायला राजी नव्हते, म्हणून मी पायथ्याला लोहगडवाडीत एका मावशींच्या टपरीवर बसून राहिले. भाचीची पावलं पायऱ्यांवर दिसेनाशी झाली, मावशींनी चहा दिला, आणि पर्समधला फोन घरघरायला लागला.

एका प्राध्यापकांनी सगळ्या यादीला पत्र पाठवलं होतं. मजकूर एका ओळीचा: कृपया मला या यादीतून काढा.

आता, यादीतून बाहेर कसं पडायचं हे प्रत्येक पत्राच्या तळाशी लिहिलेलं असतं. तिथल्या दुव्यावर बोट ठेवलं की संपलं. पण त्यांचं पत्र वाचून आणखी एकाने सगळ्यांना लिहिलं, मलाही काढा. मग तिसऱ्याने. मग एकाने सगळ्यांना लिहिलं की अशी पत्रं सगळ्यांना लिहू नका. त्याला दुसऱ्याने सगळ्यांना लिहिलं, मग तुम्ही का लिहिलंत? तेवढ्यात रजेवर गेलेल्या एका विभागप्रमुखांचं आपोआप जाणारं उत्तर यादीवर येऊन पडलं: मी सध्या कार्यालयात नाही. ते सगळ्यांना गेलं, तसं त्यांनाही गेलं. त्यावर त्यांच्याच मशीनने त्यांनाच कळवलं की ते कार्यालयात नाहीत. हे एकदा सुरू झालं ते थांबेना. या असल्या चक्राबद्दल आमच्या विषयात एक अख्खं प्रकरण आहे. मी ते बावीस वर्षं शिकवलं होतं.

टपरीत रेंज एका जागी असे आणि दुसऱ्या जागी नसे. मावशींनी मला मागच्या पाण्याच्या टाकीकडे पाठवलं. तिथे एका दगडावर उभी राहून, हात उंच धरून मी अख्खी यादी बंद केली. परत आले तेव्हा चहावर साय धरली होती.

मावशींनी विचारलं, काय झालं. मी सांगितलं. आमचं काम काय, लोक कुठले, सगळं थोडक्यात. त्या भजी तळत ऐकत होत्या. त्यांचाही एक ग्रुप होता, वाडीतल्या टपरीवाल्यांचा, व्हॉट्सॲपवर, आणि त्याच्या ॲडमिन त्याच होत्या. कोणाकडे किती पाहुणे वळवायचे, कोणाचं पीठ संपलं, असं त्यावर चालायचं. त्यातून एकजण मधेच निघून गेला होता.

"मग तुम्ही काय केलंत?" मी विचारलं.

"काय करनार? त्याच्या घरी गेले. त्यानं आंब्याच्या झाडाचा फोटू टाकलता, कुनी काय बोललंच न्हाई, म्हून रुसलता." त्यांनी झारा निथळवला. "बाई, ज्याला जायाचं आसतं तो गुमान जातो. ह्यो मानूस समद्यांना सांगून चाललाय. तुमी त्याला फोन केला व्हय?"

मी केला नव्हता. इतक्या वर्षांत यादीतल्या कोणालाच मी कधी फोन केला नव्हता. आम्ही संपर्कशास्त्रातले लोक.

दुसऱ्या दिवशी सकाळी घरून फोन लावला. प्राध्यापकांचा आवाज मी कल्पिला होता त्यापेक्षा फार मऊ होता. आधी त्यांनी माफी मागितली, मग मी मागितली. मग ते म्हणाले, "मॅडम, मी गेल्या वर्षी यादीवर एक शोधनिबंध पाठवला होता. नंतर पुन्हा दोनदा पाठवला. एकानेही एक अक्षर लिहिलं नाही. मला वाटलं, आपण आता जुने झालो."

असा निबंध मला आठवेना. फोन कानाला तसाच धरून मी संगणकावर लिस्टच्या पाठीमागची खोली उघडली. मोठी जोडपत्रं असलेली पत्रं तिथे थांबतात आणि यादी चालवणाऱ्याने, म्हणजे मी, परवानगी दिल्यावरच पुढे जातात. तिथे बहुतेक लॉटरी लागल्याची पत्रं साचत, म्हणून मी तिकडे फिरकणंच सोडलं होतं. लॉटऱ्यांच्या ढिगात त्यांचा निबंध तीनदा पडून होता. विषय होता: रांगेत थांबलेल्या संदेशांना होणारा विलंब.

मी खरं सांगितलं. पलीकडे ते हसायला लागले. खोकला येईपर्यंत हसले. म्हणाले, "हा विलंबही मोजायला घ्यायला हवा होता."

त्याच दिवशी यादी पुन्हा सुरू करून मी निबंध पुढे सोडला, सोबत माझी जाहीर माफी. मंडळी लगेच जागी झाली. भरभरून उत्तरं आली. पहिल्याचं म्हणणं, आकृत्या जोडायला नको होत्या, दुवा द्यायला हवा होता. दुसऱ्याचं म्हणणं, दुवे मरतात. विलंबाबद्दल एका मुलीने विचारलं, कुठल्याशा लहान कॉलेजात नुकती शिकवायला लागलेली. तिला प्राध्यापकांनी चार पानी उत्तर पाठवलं, मूळ पत्राच्या खाली. वरवाल्यांनी ते वाचलं की नाही, ठाऊक नाही.

निबंधाची पत्रापत्री ओसरल्यावर मी त्यांना फोन करून विचारलं, यादी माझ्याबरोबर चालवाल का? ते लगेच हो म्हणाले. पासवर्ड सांगताना मीही "फार काम नसतं" म्हटलं, आणि म्हटल्यावर जीभ चावली.

आता ते रोज सकाळी ती मागची खोली झाडून काढतात. प्रत्येक पत्र वाचतात, स्वल्पविराम दुरुस्त करतात, शंका आली तर लिहिणाऱ्याला फोन लावतात. त्यामुळे पत्रं दोन-तीन दिवस उशिरा पोचतात. तक्रार अजून कोणीच केलेली नाही. मला वाटतं, बऱ्याच जणांना फोनची सवय लागली आहे.